नम्रतेची साधना आणि मराठी ख्रिस्ती साहित्य : सुदुंबरे ते केडगाव

प्रास्ताविक

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे यांच्या समाधिस्थानामुळे वारकरी संप्रदायात सर्वपरिचित आहे. चाकणचे संताजी व्यवसायाने तेली होते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांमध्ये त्यांची गणना होते आणि तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक म्हणून परंपरा त्यांना मान देते. संताजींच्या नावावर घाण्याचे काही अभंग सांगितले जातात; तथापि त्यांची खरी कीर्ती स्वतःच्या रचनेमुळे नाही, दुसऱ्याची वाणी जतन केल्यामुळे आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला, तो संताजींच्या म्हणून जपल्या गेलेल्या वह्यांच्या आधारे. ज्याने आपले नाव मागे ठेवले, त्याचेच हस्ताक्षर अशा रीतीने ‘अस्सलते’चे प्रमाण ठरले.

सुदुंबऱ्यासंबंधी सांगितली जाणारी आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. संताजींच्या देहाला माती देताना त्यांचा चेहरा काही केल्या झाकला जाईना. अखेर वैकुंठास गेलेले तुकोबा दिलेल्या वचनाप्रमाणे परत आले, त्यांनी तीन मुठी माती घातली आणि मग समाधी पूर्ण झाली, असे भाविक सांगतात. आख्यायिकेकडे इतिहास म्हणून पाहण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील मूल्यविचार स्पष्ट आहे. शिष्य गुरूचे शब्द लिहून ठेवतो आणि गुरू शिष्याला माती देण्यासाठी येतो. येथे लहानपण एकतर्फी राहत नाही.

नेमका हाच प्रश्न ख्रिस्ती जीवनविचाराच्याही केंद्रस्थानी आहे. नम्रता हा ख्रिस्ती आचारधर्मातील पायाभूत गुण मानला जातो. पण तो गुण जाणीवपूर्वक कमावता येतो काय? कमावलेली नम्रता स्वतःकडे कौतुकाने पाहू लागली, की तिचा अहंकार होत नाही काय? आणि ज्यांना समाजाने आधीच वाकवलेले आहे, त्यांना नम्रतेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांचे लेखन व जीवन यांच्या आधारे केला आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांच्या नावावर नोंदलेले आहेत. देहू आणि सुदुंबरे यांच्या परिसरातून या विचाराला आरंभ करण्याचे औचित्य त्या उद्गारात आहे.

संज्ञांचा विचार : नम्र, लीन, दीन, रिक्त

मराठी ख्रिस्ती परिभाषेत या गुणासाठी प्रामुख्याने ‘नम्रता’ व ‘लीनता’ हे दोन शब्द येतात. त्यांच्या शेजारी ‘सौम्य’ आणि ‘दीन’ हेही शब्द वावरतात. हे शब्द समानार्थी म्हणून वापरले जात असले, तरी त्यांचा वारसा एक नाही. ‘नम्र’ या शब्दाच्या मुळाशी वाकण्याची क्रिया आहे. वाकणारा आणि ज्याच्यापुढे वाकायचे तो, असे दोघे तेथे गृहीत आहेत. ‘लीन’ या शब्दात मात्र विरून जाण्याची छटा आहे. मीठ पाण्यात मिसळावे तसे भक्ताने देवात मिसळावे, हा अद्वैती अर्थ मराठी वाचकाच्या कानात त्या शब्दासोबत आपोआप उमटतो.

ख्रिस्ती धर्मविचाराला हा दुसरा अर्थ पूर्णपणे मान्य होण्यासारखा नाही. निर्माता आणि निर्मिती यांतील अंतर तेथे कधी मिटत नाही. प्रेमामुळे ते ओलांडले जाते, पण नाहीसे होत नाही. लॅटिनमधील नम्रतावाचक शब्दाचा संबंध मातीशी जोडला जातो, तो याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. माणूस मातीचा आहे हे ओळखणे म्हणजे स्वतःला शून्य मानणे नव्हे. आपण कशाचे बनलो आहोत याचे यथार्थ भान ठेवणे होय. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने नम्रतेची गणना संयमाच्या अंगभूत गुणांत केली आणि स्वतःच्या मर्यादेच्या ज्ञानाशी तिचा संबंध जोडला. तात्पर्य, नम्रता हा ख्रिस्ती विचारात प्रथमतः सत्याचा प्रश्न आहे, भावनेचा नंतर.

याला आणखी एक बाजू आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने ख्रिस्ताविषयी जे म्हटले आहे, त्यासाठी मराठी भाषांतराने ‘रिक्त’ हा शब्द योजला आहे. देवत्वाचा हक्क घट्ट धरून न ठेवता ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले, असा तेथील आशय आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात गुरू शिष्यांचे पाय धुतो. या दोन्ही ठिकाणी खाली उतरतो तो वर असलेला. ख्रिस्ती नम्रतेचा आदर्श अशा रीतीने अधिकारसंपन्न व्यक्तीच्या स्वेच्छेने केलेल्या अवतरणातून घडला आहे. दुर्बळाच्या सक्तीच्या शरणागतीला त्यात आदर्शाचे स्थान नाही. हा भेद नजरेआड झाला, की नम्रतेचे रूपांतर सहज दास्यात होते.

साधनेच्या अंगाने पाहता, सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट याच्या मठनियमाचा सातवा अध्याय महत्त्वाचा ठरतो. त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. ईश्वराच्या सान्निध्याचे भान ही त्यातील आरंभीची पायरी असून, चालणे-बसणे-पाहणे यांत दिसणारी बाह्य नम्रता अगदी शेवटी येते. देहबोलीपासून सुरुवात करून अंतःकरणापर्यंत जाण्याचा मार्ग त्याने स्वीकारलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने याच पायऱ्यांवर ग्रंथ रचताना चढणाऱ्यापेक्षा उतरणाऱ्याचे, म्हणजे अहंकाराच्या पायऱ्यांचे, वर्णन अधिक विस्ताराने केले. नम्रतेचे वर्णन करणे कठीण आणि तिच्या अभावाचे वर्णन करणे सोपे, हा अनुभव त्यामागे असावा. मराठी ख्रिस्ती साहित्यातही हीच अडचण दिसते.

टिळकांची अभंगवाणी : प्रार्थना आणि प्रतिज्ञा

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढील आयुष्याचा बराचसा काळ अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात घालविला. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शालेय वाचकांना परिचित असलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची भाषा दिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आणि ‘अभंगांजली’ हा स्वतंत्र संग्रह यांची साक्ष त्यासाठी पुरेशी आहे.

टिळकांपूर्वीच्या मराठी ख्रिस्ती गीतांचा बराच भाग भाषांतरित होता. पाश्चात्त्य चालींमध्ये बसविलेल्या शब्दांतून पापकबुली होत होती. पण ती मराठी माणसाच्या तोंडची वाटत नव्हती. टिळकांनी अभंग निवडला, तेव्हा त्यांनी केवळ छंद निवडला नाही. अभंगाबरोबर बोलण्याची एक रीतही आली. देवाशी भांडणारा, रुसणारा, हट्ट धरणारा आणि त्याच दमात पायांवर लोळण घेणारा भक्त ही ती रीत होय. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारताना टिळक वारकरी संतांनी विठ्ठलासाठी राखलेली जवळीक ख्रिस्ताकडे वळवितात. आईपुढे मूल लहान असते, पण ते लाचार नसते. नम्रतेला अपमानाच्या कक्षेबाहेर काढण्याचे काम या एका संबोधनाने केले आहे.

तुकोबांच्या नम्रतेचे जे स्वरूप आहे, त्याच्याशी हे जुळणारे आहे. तुकोबा संतांच्या पायधुळीची इच्छा करतात, लहानपण मागतात. आणि तेच तुकोबा वेदांचा अर्थ आपल्यालाच ठाऊक असल्याचे ठणकावून सांगतात, दांभिकांवर कठोर शब्दांचा मारा करतात. या दोन स्वरांत विसंगती नाही. जो देवापुढे पुरता वाकला, त्याला इतरत्र वाकण्याची गरज उरत नाही. टिळकांनाही हा दुसरा स्वर अवगत होता. मिशनच्या परकीय पद्धतींवर, हिंदी ख्रिस्ती समाजाच्या परावलंबनावर त्यांनी स्पष्ट टीका केली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांची लेखणी मवाळ राहिली नाही.

तथापि, टिळकांच्या अभंगांतील सर्वच दैन्योद्गार सारख्या वजनाचे नाहीत, हेही नमूद करावयास हवे. पतित, पामर, अपराधी ही विशेषणे संतपरंपरेतून तयार मिळालेली आहेत, आणि काही ठिकाणी ती सवयीने आलेली वाटतात. ज्या रचनांत कवी स्वतःच्या अपुरेपणाकडे नेमकेपणाने पाहतो, ख्रिस्तासारखे होण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष आपण यांतील अंतर मोजतो, तेथे मात्र ही भाषा जिवंत होते. पहिल्या प्रकारात नम्रता हा काव्यसंकेत आहे. दुसऱ्या प्रकारात ती आत्मपरीक्षण आहे. समीक्षकाने हा भेद केला नाही, तर भक्तिकाव्यातील प्रत्येक दीन शब्द खरा मानण्याची चूक होते.

काव्यातील ही इच्छा टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस कृतीत उतरविण्याचा प्रयत्न केला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा एक समुदाय उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. वेतन, पद आणि संस्थेची सावली यांचा त्याग हा पौलाने सांगितलेल्या रिक्ततेचा मराठी प्रयोग होता, असे म्हणता येईल. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग अपुरा राहिला. परंतु त्याची किंमत केवळ टिळकांनी मोजली काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांच्या घरात जावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ : नम्रतेची घरगुती कसोटी

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान वादातीत आहे. ख्रिस्ती नम्रतेच्या संदर्भात मात्र या ग्रंथाकडे फारसे पाहिले गेलेले नाही. याचे एक कारण असे, की त्यात नम्रतेवर प्रवचन नाही. तिचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : नम्रतेची गीते लिहिणारा कवी या ग्रंथात संतापी, लहरी, घर सोडून निघून जाणारा, हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळा होणारा नवरा म्हणून भेटतो.

लक्ष्मीबाईंनी हे चित्र रंगविताना तक्रारीचा सूर लावलेला नाही आणि पतिभक्तीच्या आड सत्यही लपविलेले नाही. टिळकांच्या धर्मांतराचा निर्णय त्यांना विश्वासात न घेता झाला. त्यानंतरची विरहाची वर्षे, नातेवाइकांमधील फरफट, लहान मुलासह आलेले एकटेपण यांचे वर्णन वाचताना प्रश्न पडतो, की देवापुढे सर्वस्व अर्पण करणाऱ्याने दुसऱ्याचे सर्वस्वही त्यासोबत अर्पण करून टाकले नाही काय? आत्मसमर्पणातही एक हट्ट असू शकतो, हे ‘स्मृतिचित्रे’तून जितक्या स्पष्टपणे कळते तितके ‘अभंगांजली’तून कळत नाही. मात्र म्हणून टिळकांची नम्रता खोटी ठरत नाही. उलट, ती त्यांना स्वभावतः मिळालेली नव्हती, रोज नव्याने मिळवावी लागत होती, हे त्यातून सिद्ध होते. अभंगांतील अपुरेपणाच्या कबुलीला त्यामुळे आधार मिळतो.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाटचाल याहून वेगळी आहे. ग्रंथाच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेलेले होते. त्या घरात वाढलेली ही स्त्री पतीकडे परतल्यानंतरही आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवीत राहिली. पुढे माणसामाणसांतील हे भेद देवाने केलेले नाहीत, असे तिच्या मनाने घेतले आणि बाप्तिस्म्यापूर्वीच तिने ते सोडून दिले. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम विचारात घेण्यासारखा आहे. धर्मांतराची परिणती म्हणून येथे जात सुटलेली नाही. आधी जात सुटली आणि मग ख्रिस्त स्वीकारला गेला. उच्चवर्णीय ख्रिस्ती व्यक्तीच्या दृष्टीने नम्रतेची पहिली पायरी प्रार्थनेत नव्हती, ती स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्याशी होती.

त्यांच्या नम्रतेचे दुसरे साधन विनोद हे होय. स्वतःची फजिती, अज्ञान, भोळेपणा, भीती यांचे वर्णन त्या ज्या मोकळेपणाने करतात, त्यात आत्मनिंदेचा लवलेशही नाही. आत्मनिंदा करणारा माणूस स्वतःभोवतीच फिरत असतो. स्वतःवर हसणाऱ्याने मात्र स्वतःला योग्य अंतरावर ठेवलेले असते. नम्रतेची जाणीव झाली की ती नाहीशी होते, या जुन्या कोड्याला लक्ष्मीबाईंच्या गद्याने दिलेले हे उत्तर आहे. त्यांनी नम्र होण्याचा प्रयत्न केल्याचे कोठेही दिसत नाही. त्यांनी खरे सांगण्याचा प्रयत्न केला.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. सुरुवातीचे काही अध्याय टिळकांचे; पुढचे बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केले. त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने नामवंत कवीचे काव्य पुढे नेणे हे धाडस होते, आणि ते काव्य पतीच्याच नावाशी जोडलेले राहणार हे ठाऊक असूनही ते करणे ही साधना होती. सुदुंबऱ्याच्या लेखनिकाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. फरक एवढाच, की संताजींनी गुरूचे बोललेले लिहिले आणि लक्ष्मीबाईंनी पतीचे न बोललेले लिहिले. म्हणून ‘ख्रिस्तायना’तील त्यांच्या वाट्याची चर्चा ‘पूर्ती’ या एका शब्दात आटोपणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याने मागे ठेवलेले नाव समीक्षेनेही मागे ठेवावे, असा नियम नाही.

रमाबाई : नम्रता की आज्ञापालन?

नम्रतेची मागणी आणि तिचा गैरवापर यांतील सीमारेषा पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सर्वांत ठळकपणे दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवीत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरून वाद निर्माण झाला. हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. ज्या विदुषीने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पंडितांच्या सभांतून व्याख्याने दिली होती, तिच्याबद्दल हा प्रश्न उपस्थित व्हावा, यातील विपर्यास रमाबाईंच्या नजरेतून सुटला नाही. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहात वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा संवाद वाचावयास मिळतो. त्रैक्याच्या सिद्धांतापासून उपासनेच्या तपशिलांपर्यंत रमाबाईंनी प्रश्न विचारले. आणि ज्यांना हे प्रश्न रुचले नाहीत त्यांनी त्यांचे मूळ रमाबाईंच्या अहंकारात शोधले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. ईश्वरापुढील नम्रता रमाबाईंनी कधी नाकारली नाही. संस्थेच्या वतीने बोलणाऱ्या माणसांचा शब्द हाच ईश्वराचा शब्द, हे मात्र त्यांनी मान्य केले नाही. एका धर्माच्या शास्त्रीपंडितांची सत्ता सोडून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांची सत्ता स्वीकारण्यासाठी आपण आलो नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत असे सांगणाऱ्या धर्मात, सत्ताधारी वंशाच्या धर्मगुरूंनी पराधीन देशातील स्त्रीला लीनतेचे धडे द्यावेत, हा उलटा क्रम आहे.

रमाबाईंची गोष्ट येथे संपत नाही, म्हणून ती अधिक बोधप्रद आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अधिकाऱ्यांच्या दडपणाखाली जी कबुली त्यांनी दिली नाही, ती पुढे कोणी मागितली नसताना दिली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांसाठी काम करीत असताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत हे काम त्यांना पुरले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या संस्कृतमुळे मिळविलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुरता जाणीवपूर्वक टाळली, यात तिच्या नम्रतेचे नेमके स्वरूप दिसते. आपल्याजवळ जे सर्वाधिक होते, तेच त्यांनी वाचकासाठी बाजूला ठेवले. रमाबाईंच्या भाषांतराची वाङ्मयीन बाजू काहींना रुक्ष वाटते. पण ती रुक्षता हेतुपूर्वक पत्करलेली आहे, हे तिचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

कोणी कोणाला वाकावयास सांगावे?

वरील तिन्ही उदाहरणे ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेल्या व्यक्तींची आहेत. त्यांच्यापाशी सोडण्यासारखे काहीतरी होते : जात, मान, पदव्या, वेतन. मराठी प्रोटेस्टंट समाजाचा मोठा भाग मात्र, विशेषतः अहमदनगर जिल्ह्यात, महार व मांग समाजांतून आलेला आहे. ज्यांना रस्त्याच्या कडेने चालावयास आणि दुरून जोहार करावयास भाग पाडले गेले, त्यांना ‘नम्र व्हा’ हा उपदेश कसा ऐकू आला असेल, याचा विचार टिळकांच्या काव्याच्या बहुतेक चर्चांत आढळत नाही. नीत्शेने १८८७ मध्ये ख्रिस्ती नीतीवर ती दुर्बळांची नीती असल्याचा आरोप केला. त्याचा रोख भलतीकडे होता. पण नम्रतेचा उपदेश सामाजिक स्थितीपासून अलग करता येत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मशास्त्रातूनच उत्तर मिळू लागले. व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने १९६० मध्ये असे मांडले, की अहंकार हेच मूळ पाप मानणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर आधारलेले आहे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत धोका अहंकाराचा नसून स्वत्व हरवण्याचा असतो. मराठी मुळांचे धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरू येथे दिलेल्या व्याख्यानापासून भारतात दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी सुरू झाली, असे मानले जाते. निर्मळ यांनी ख्रिस्ताच्या दासरूपाचा अर्थ दलितांच्या बाजूने लावला. देव सेवकाचे काम स्वतः करतो. म्हणून ते काम करणाऱ्यांना त्यात स्वतःची प्रतिष्ठा सापडते, लाज नव्हे. रिक्त होण्याची हाक ज्यांच्यापाशी भरलेले आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांचे आधीच हिरावले गेले त्यांच्यासाठी त्याच वचनातील उन्नतीचा भाग आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रातील तो उतारा खाली उतरण्यावर संपत नाही, उंचावले जाण्यावर संपतो, याकडे अशा वाचनाने लक्ष वेधले.

एका तेली लेखनिकाच्या समाधीचाही येथे पुन्हा विचार करता येईल. संताजींचे लहानपण कोणी लादलेले असते, तर त्याची आठवण शोषणाची आठवण म्हणून राहिली असती. तुकोबांच्या मंडळात त्यांचा हात लेखणीवर होता, आणि शूद्र मानल्या गेलेल्या समाजातील माणसाने शूद्र मानल्या गेलेल्या कवीचे शब्द कागदावर उतरविणे हे त्या काळात केवळ विनयाचे कृत्य नव्हते. आज तेली समाज सुदुंबरे येथे अभिमानाने एकत्र येतो. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये संताजींचे तिकीट काढले. स्वेच्छेने पत्करलेले लहानपण पुढच्या पिढ्यांना ताठ मानेने उभे राहण्याचे बळ देते. लादलेले लहानपण तसे देत नाही.

समारोप

आरंभी उपस्थित केलेल्या तीन प्रश्नांकडे परत येता काही गोष्टी स्पष्ट होतात. नम्रता साधता येते. मात्र थेट तिच्यावर नजर ठेवून नाही. टिळकांनी तिला शब्दांत धरण्याचा प्रयत्न केला, तेथे ती काही वेळा निसटली आणि आपल्या अपुरेपणाचा प्रामाणिक हिशेब मांडला, तेथे गवसली. लक्ष्मीबाईंनी खरे सांगण्याची आणि स्वतःवर हसण्याची सवय लावून घेतली. रमाबाईंनी वाचकाची गरज आपल्या विद्वत्तेपुढे ठेवली. तिघांच्याही बाबतीत नम्रता ही कोणत्यातरी दुसऱ्या कामाची सोबत म्हणून आली : लेखन, घर, सेवा, भाषांतर.

दुसरे, नम्रतेची कसोटी तिच्या उद्गारांत नसून तिची किंमत कोण देतो यात आहे. ज्या त्यागाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, त्याचे मूल्यमापन करताना त्या दुसऱ्याची साक्ष घेतली पाहिजे. ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ हे ग्रंथ म्हणूनच एकत्र वाचले जावेत. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत टिळक कवितेच्या आणि लक्ष्मीबाई आत्मचरित्राच्या दालनात वेगवेगळ्या ठेवल्या जातात, त्यामुळे हा परस्परसंबंध विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही.

तिसरे, नम्रतेचा उपदेश वरून खाली केला जातो तेव्हा तो संशयास्पद ठरतो, आणि वरचा स्वतः खाली उतरतो तेव्हा तो विश्वासार्ह होतो. पाय धुणारा गुरू ही ख्रिस्ती परंपरेतील प्रतिमा आणि शिष्याला मूठभर माती घालण्यासाठी परत येणारा गुरू ही सुदुंबऱ्याची आख्यायिका, या दोन्ही वेगवेगळ्या श्रद्धांच्या आहेत. त्यांना एकच ठरविण्याची आवश्यकता नाही. परंतु मोठेपणाचे माप खाली वाकण्याच्या तयारीत आहे, याविषयी दोन्हींचे म्हणणे सारखे आहे. आणि टिळक ज्या सेतूवरून गेले, तो बहुधा याच ठिकाणी बांधलेला असावा.